रुग्णशय्येवरील नागरिकाचा अधिकार
(भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वकिलाकडे माणसे बहुधा बांधाच्या तंट्यासाठी, वारसाच्या नोंदीसाठी किंवा जातपडताळणीच्या दाखल्यासाठी येतात. माझ्याकडेही दोघे भाऊ आले ते गहाणखतासाठीच. त्यांच्या वडिलांना मेंदूत रक्तस्राव होऊन शुद्ध हरपली, म्हणून पवनी तालुक्यातील गावाहून त्यांना नागपूरला नेले गेले. तेथे घशात नळी घालून त्यांचा श्वास यंत्रावर चालविण्यात आला. हा वृद्ध शेतकरी धडधाकट असताना ओट्यावर बसून अनेकदा बोलला होता, "मले नळ्या लावून ठेवू नोका." थोरला म्हणे, बापाचा शब्द पाळू. धाकटा म्हणे, यंत्र काढले तर बापाला मारल्याचा डाग जन्मभर लागेल. डॉक्टर म्हणत, त्यांनी काही लिहून ठेवले असेल तर दाखवा. लिहिलेले काही नव्हते. एकोणिसाव्या दिवशी वृद्ध वारले. दीड एकर धानाची बांधी गहाण पडली, आणि हे दोघे भाऊ माझ्यासमोर बसूनही एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या बापाचा शब्द वाया का गेला, याचा विचार आपण कायद्याच्या अंगाने करू.

या प्रश्नाचा आरंभ आपल्याच राज्यात झाला, असे म्हटले तरी चालेल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर दिनांक २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. त्यानंतर त्या कधीही पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. छत्तीस वर्षांनी लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली व अन्नपाणी थांबविण्याची अनुमती मागितली. ज्या परिचारिकांनी वर्षानुवर्षे अरुणाबाईंची शुश्रूषा केली, त्यांनी याला कडाडून विरोध केला. मला या खटल्यात सर्वांत लक्षणीय वाटते ते हे की, दोन्ही बाजू प्रेमानेच बोलत होत्या, आणि जिचा प्रश्न होता तिचे मत मात्र कोणासही ठाऊक नव्हते. दिनांक ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. परंतु उच्च न्यायालयाच्या परवानगीने निरुपयोगी उपचार थांबविता येतील, असे तत्त्व प्रथमच मान्य केले. अरुणाबाई १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निवर्तल्या.

पुढचे पाऊल ९ मार्च २०१८ रोजी पडले. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की, संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्क समाविष्ट आहे, आणि सज्ञान व्यक्तीस आपल्या उपचारांविषयीचे निर्देश आधीच लिहून ठेवता येतील. यालाच आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. मात्र त्या वेळी घातलेली अट अशी होती की, या पत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी. ज्याने न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहत दिवस काढले आहेत, त्याला ही अट ऐकून हसावे की रडावे हे कळणार नाही. हक्क दिला आणि किल्ली उंच फळीवर ठेवली! सुदैवाने २४ जानेवारी २०२३ रोजी दुसऱ्या घटनापीठाने ही अट काढली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते पत्र नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले की पुरे होते.

पत्रात दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात : कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, आणि आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने कोण बोलेल. एकाहून अधिक नावे देता येतात. मत बदलले तर लेखी स्वरूपात ते पत्र केव्हाही रद्द करता येते.

येथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो सुशिक्षितांतही आढळतो. "मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले आहे, मग निराळा कागद कशाला?" असे मला विचारतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ अन्वये मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक भान गेले की मुखत्याराचे अधिकार संपतात. म्हणजे नेमक्या गरजेच्या घडीला तो कागद निर्जीव होतो. मालमत्तेचे मृत्युपत्र तर मृत्यूनंतरच बोलू लागते. मधल्या काळासाठी हे तिसरे पत्रच लागते.

आता आमच्या वस्त्यांतून विचारला जाणारा खरा प्रश्न. "वकीलसाहेब, गरिबाला आधीच खाट मिळत नाही. असा कागद सापडला तर डॉक्टर म्हणतील, यालाच मरायचे आहे." ही भीती खुळी नाही, ज्यांना दवाखान्याच्या दारातून परत फिरावे लागले आहे त्यांच्या अनुभवातून ती आली आहे. म्हणून कायद्याची तटबंदी समजून घ्या. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत असेल तोवर त्याचे तोंडचे म्हणणे चालते, कागद नव्हे. तो स्थितीत नसेल, आणि आजार बरा होण्याची आशा उरली नसेल, तर उपचार करणारे डॉक्टर व किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते. त्यानंतर दुसरे मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, आणि पहिल्या मंडळातील कोणीही नसतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे न्यायालयाने म्हटले आहे. अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावे लागते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते. आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठ. विषारी सुई टोचून प्राण घेणे आजही गुन्हाच आहे. हे पत्र नको असलेला उपचार नाकारण्यासाठी आहे. हवा असलेला उपचार नाकारण्याचा अधिकार ते कोणासही देत नाही. उलट, "मला शक्य ते सर्व उपचार द्या, आणि वेदनाशामक औषध कधीही थांबवू नका" असेही त्यात खुशाल लिहावे. मी पक्षकारांना हे वाक्य आवर्जून घालायला सांगतो.

माझी अधिक काळजी निराळी आहे. घरातली म्हातारी, जिच्या नावावर चार गुंठे आहेत, तिच्याकडून असा कागद कोणी अंगठा लावून घेईल. म्हणून साक्षीदार वारसांपैकी नसावेत, आणि बाईंशी वकिलाने एकांतात बोलावे. माझ्या कार्यालयात मुलांना बाहेर बसवले जाते. ते रागावतात, रागावू देत.

पत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २०२४ साली राज्य शासनाने असे अभिरक्षक नेमल्याचे सांगितले. मी माझे स्वतःचे पत्र घेऊन एका कार्यालयात गेलो तेव्हा तेथील बाबू म्हणाला, "मृत्यूच्या नोंदीची खिडकी पलीकडे आहे." मी त्याला निर्णयाची प्रत दाखविली. त्याने ती मन लावून वाचली, साहेबांकडे नेली, आणि तिसऱ्या खेपेस मला आवक क्रमांकासह पोच मिळाली. त्या खेपेस त्याने हळूच विचारले की, आपल्या आईसाठी असे पत्र करायचे झाले तर कोणते कागद लागतील. पुढच्या रविवारी तो तिला घेऊन येणार आहे.