सुट्टी : घराची शाळा, गावाची जबाबदारी

(अंबाजोगाई येथील कुटुंबमेळाव्यातील भाषण)



चैत्र सरत येतो, परीक्षांची धावपळ संपते आणि बीड जिल्ह्यातील घराघरांत एक निराळीच लगबग सुरू होते. बाहेर ऊन चाळिशी ओलांडत असते. घरात वर्षभराच्या साठवणीची कामे निघतात. गहू निवडणे, तिखट-हळदीची कांडणे, कुरड्या, शेवया, खारोड्या; त्यातच लग्नसराईची बोलावणी, पाहुणे आणि पाण्याची चिंता. आई-वडील दोघेही नोकरी करणारे असतील, तर हे सारे सकाळच्या आणि संध्याकाळच्या दोन तासांत बसवावे लागते. अशा वेळी मुलांना सुट्टी लागते आणि पालकांपुढे प्रश्न पडतो की, आता यांचे करायचे काय?

प्रश्नाची ही मांडणीच विचार करायला लावणारी आहे. मूल घरात मोकळे असणे ही अडचण वाटू लागली की, तिच्यावर उपाय शोधले जातात. सकाळी पोहण्याचा वर्ग, दुपारी संगणक, संध्याकाळी पुढच्या इयत्तेची शिकवणी. उरलेल्या वेळाची भरपाई मोबाईल करतो. शिबिरे वाईट नाहीत. चांगल्या शिबिरातून आलेले मूल चार नवी गाणी, चार नवे मित्र घेऊन येते. परंतु घर कामात बुडालेले असताना मुलाला त्या कामापासून दूर ठेवणे म्हणजे त्याला घराबाहेर काढणेच होय. सगळे राबत आहेत आणि आपली कोणालाच गरज नाही, हे मुलाला बोलून दाखवावे लागत नाही. ते त्याला आपोआप कळते.

कुरडईचेच उदाहरण घ्यावे. गहू तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, शिजवायचा आणि ऊन चढण्याआधी साच्यातून घालायचा. वाटीभर गरम चीक साखर घालून खाण्यासाठी घरातील मुले भोवती जमतात, हे खरे. पण त्या चार दिवसांत पाणी बदलण्याचे काम आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवले, तर त्याला काय मिळते? एखादी गोष्ट आज केल्यावर तिचे फळ चार दिवसांनी दिसते, मध्ये एक दिवस चुकला तर गहू आंबूस होतात आणि त्याला दुसरा कोणी जबाबदार नसतो. धीर, सातत्य आणि उत्तरदायित्व हे शब्द न उच्चारता हा पाठ पूर्ण होतो. पहिली कुरडई वाकडी येईल. ती वाकडीच वाळू द्यावी. आषाढात ती तळली जाईल तेव्हा ‘ही माझी’ म्हणून मूल तिला ओळखते, हे वाढीचे लक्षण आहे.

येथे एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. पापड लाटायला मुलगी आणि शिबिराला मुलगा अशी वाटणी ज्या घरात होते, तेथे दोघांचेही नुकसान होते. एकाला घर कळत नाही, दुसरीला जग कळत नाही. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे केवळ 807 मुली होत्या. मुलीचे मोल घरात कसे केले जाते, त्याचेच हे प्रतिबिंब होते. ते मोल बदलायचे, तर आरंभ घरातील रोजच्या कामाच्या वाटणीपासूनच करावा लागेल.

कामाबरोबर आपला परिसर. अंबाजोगाईच्या मुलाला दूरच्या थंड हवेच्या ठिकाणांची नावे पाठ असतात. परंतु योगेश्वरीच्या देवळापलीकडे आपल्या गावात काय आहे, हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. आद्यकवी मानले गेलेल्या मुकुंदराजांची समाधी येथे आहे. डोंगर कोरून केलेली शिवलेणी आहेत. तेथील दगडी हत्तींमुळे लोक त्यांना हत्तीखाना म्हणतात. सोळाव्या शतकातील दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले, ती पासोडी याच गावाचे वैभव. कागद पुरेना म्हणून कापड हाती घेणाऱ्या त्या पुरुषाची गोष्ट आजोबांनी नातवाला घरात सांगावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला समाधीपर्यंत चालत न्यावे. याच गावात 1930 च्या दशकात, निजामी अमलात, स्वामी रामानंद तीर्थांनी मुलांना शिकवले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले, हेही त्याच वाटेवर सांगता येते.

बीड शहराजवळची खजाना बावडी ही तर उन्हाळ्यात पाहण्याचीच जागा. निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीतून भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, पाणी वाहून नेण्याची योजना होती. पर्जन्यछायेच्या प्रदेशात पूर्वजांनी पाण्याचा किती बारकाईने विचार केला, हे मुलांना तेथे डोळ्यांनी दिसते. घरी परतल्यावर त्यांच्याकडून एक हिशेब करून घ्यावा : आपल्या घराला दिवसाला किती घागरी पाणी लागते आणि त्यातले किती वाया जाते. 1972 चा दुष्काळ आजी सांगेल. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वडील सांगतील. तीन पिढ्यांच्या या संवादाला कोणतेही शुल्क पडत नाही.

आता याच दिवसांत याच जिल्ह्यात परतणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाकडे वळले पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली लाखो माणसे कारखान्याचा पट्टा पडल्यावर, फाल्गुन-चैत्रात, गावी येतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने काढलेले हे कुटुंब ‘व्यस्त’ या शब्दालाही लाजवील. पहाटेच्या अंधारात फडात जायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, वाढे विकायचे, राहायला कोपी. त्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी असते. तिच्याही वाट्याला जबाबदारी येते, पण ती तिच्या वयाला न पेलणारी. गावी परतल्यावर तिच्या वर्गात पुस्तकाचे शेवटचे धडे चाललेले असतात आणि तिचे सुरुवातीचेही झालेले नसतात.

एका घरातील मुलाला काहीच काम नाही आणि दुसऱ्या घरातील मुलीला कामाखेरीज काहीच नाही. दोन्ही घरे एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात. पहिल्या घरातील काळजीचा थोडा भाग दुसऱ्या घराकडे वळला, तरच समाज या शब्दाला अर्थ राहतो.

ही निकड भावनेपुरती नाही. वैशाख हा लग्नांचा महिना. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ आणि उचल कोयत्यावर मिळते. वयात येणारी मुलगी मागे गावी एकटी ठेवणे आई-वडिलांना धोक्याचे वाटते, फडावर नेणेही धोक्याचे वाटते. मग लग्न हा सोपा मार्ग दिसतो. 2019 ते 2021 दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. म्हणजे एका मुलीची सुट्टी शिबिराच्या निरोपसमारंभाने संपते, तर तिच्याच वर्गातील दुसरीचे बालपणच त्या सुट्टीत संपते.

यावर शासनाच्या योजना आहेत. पालक स्थलांतरित झाल्यावर मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आहेत. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे यांनी उभारलेल्या ‘शांतिवन’सारखी कामे ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिक्षण आणि छप्पर देत आली आहेत. परंतु योजना आणि संस्था शेवटच्या घरापर्यंत पोहोचतात त्या माणसांच्या हाताने. तो हात मध्यमवर्गीय कुटुंबाचा असायला काय हरकत आहे?

एप्रिल-मे या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी एक तास शाळेच्या ओट्यावर किंवा देवळाच्या सभामंडपात वाचन-गणिताचा वर्ग चालवता येईल. सातवी-आठवीतल्या आपल्या मुलाने तेथे तिसरीच्या मुलाला पाढे शिकवावेत. शिकवताना त्याचे स्वतःचे कच्चे पाढे पक्के होतील. मागच्या वर्षीची पुस्तके रद्दीत न देता त्यानेच नीट पुठ्ठे घालून पोहोचवावीत. आणि वर्गातली एखादी मुलगी अचानक यायची थांबली, तर कार्यकर्त्याने तिच्या घरी जावे. आई-वडिलांशी दरडावून नव्हे, त्यांची अडचण समजून घेऊन बोलावे. वसतिगृहाची माहिती द्यावी, पुढच्या हंगामात मुलीच्या राहण्याची सोय कोठे होईल ते सांगावे. ऐकले गेले नाही, तर 2006 च्या कायद्यानुसार ग्रामसेवकावर बालविवाह रोखण्याची जबाबदारी आहे आणि 1098 हा क्रमांक त्यासाठी आहे. गावातील संबंध बिघडतील या भीतीने गप्प राहण्याची किंमत ती मुलगी आयुष्यभर मोजते.

संस्कार हा शब्द फार वापरला जातो. मुलावर संस्कार होतो तो ऐकलेल्याचा थोडा आणि पाहिलेल्याचा फार. सुट्टीत त्याने आपल्या आईला दुसऱ्याच्या मुलीसाठी उन्हातून चालत जाताना पाहिले, तर वेगळे काही सांगण्याची गरज उरणार नाही. मृगापर्यंत अजून काही आठवडे हातात आहेत. शाळेची घंटा जूनमध्ये पुन्हा वाजेल, तेव्हा आपल्या वस्तीतील प्रत्येक मुलगी तिच्या बाकावर बसलेली असावी, एवढाच या सुट्टीचा अभ्यास प्रत्येक घराने घ्यावा.