नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज मी तुम्हांला नव्या मोटारीच्या इंजिनाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. मी मास्तर माणूस. कारखान्यातला मिस्त्री नव्हे. पण पुस्तके वाचून आणि जाणत्या मिस्त्रींना विचारून जे समजले, ते सांगतो.

हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आता खेड्यापाड्यांतही गाड्या झाल्या आहेत. कोणी भाड्याने चालवायला जीप घेतो. कोणी घरासाठी मोटार घेतो. पुष्कळ गाड्या कर्जावर येतात. गाडी चालली तर हप्ता जातो. इंजिन बिघडले तर गाडी दारात उभी राहते. हप्ता मात्र उभा राहत नाही. तो दर महिन्याला येतोच. म्हणून इंजिन जपणे म्हणजे घर जपणे आहे, बरे का!

आधी इंजिनाच्या पोटात काय असते ते पाहू.

तुम्ही सायकलचा पंप पाहिला आहे. नळीत दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याला चामड्याची वाटी असते. ती नळीला घट्ट बसली तर हवा चाकात जाते. वाटी झिजली तर हवा बाजूने निसटते. मग कितीही पंप मारा, चाक काही भरत नाही.

इंजिनातही अशीच नळी असते. तिला सिलिंडर म्हणतात. आतल्या दट्ट्याला पिस्टन म्हणतात. चामड्याच्या वाटीऐवजी पिस्टनला पोलादी किंवा बिडाच्या कड्या असतात. त्यांना रिंगा म्हणतात. बहुतेक पिस्टनांना तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा जळत्या वायूचा जोर अडवून धरतात. खालची रिंग नळीवरचे जादा तेल खरवडून खाली सोडते.

इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक पिस्टन एका मिनिटात २००० वेळा वर आणि २००० वेळा खाली जातो. इतक्या घासणीत लोखंड टिकते कसे? तेलामुळे टिकते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरप्या रेघा पाडतात. त्या रेघांत तेल धरून राहते.

नव्या इंजिनात रिंग आणि भिंत एकमेकींना पुऱ्या जुळलेल्या नसतात. डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक उंचवटे दोन्हींवर असतात. गाडी चालू लागली की वायूच्या जोराने रिंग भिंतीवर दाबली जाते. उंचवटे हळूहळू झिजतात. मग रिंग भिंतीला नीट बसते. याला मोटारवाले 'रनिंग इन' म्हणतात. आपण म्हणू, इंजिन रुळवणे.

नवे जाते आणले म्हणजे आपल्या आयाबहिणी काय करतात? पहिले दळण खायला घेत नाहीत. त्यात दगडाची कच येते. नव्या इंजिनाच्या तेलातही अशीच लोखंडाची बारीक कच उतरते. म्हणून पहिली सर्व्हिस चुकवायची नाही. तेल आणि तेलाची गाळणी कधी बदलायची, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. त्याप्रमाणे वागावे.

आता रुळवायचे कसे? खोंडाची गोष्ट घ्या. खोंडाला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपून घाट चढवला, तर तो खांद्याला दुखावतो. पण त्याला वर्षभर दावणीलाच बांधून ठेवला, तरी तो कामाचा राहत नाही. त्याला हलके काम द्यावे लागते. रोज थोडे थोडे वाढवावे लागते.

इंजिनाचेही तसेच आहे. पहिल्याच आठवड्यात दामटून पळवले तर फार उष्णता होते. तेलाचा पातळ थर तुटतो. लोखंडावर लोखंड घासते आणि भिंतीवर चरे पडतात. उलट, गाडी नुसती जागेवर घुरघुरत ठेवली, तर रिंगेवर जोरच येत नाही. रिंग बसत नाही. भिंतीवर गुळगुळीत चकाकी चढते आणि तेल धरणाऱ्या रेघा झाकून जातात. असे इंजिन पुढे तेल पिते, निळा धूर सोडते आणि चढावर दम टाकते. म्हणजे फार लाड नकोत आणि फार मारही नको.

पुष्कळ गाड्यांच्या पुस्तकांत पहिले १००० किलोमीटर जपायला सांगितलेले असते. काहींत १५०० किंवा त्याहून जास्त आकडा असतो. आपल्या गाडीच्या पुस्तकात असेल तोच आकडा खरा. तेवढ्या अंतरात हे नियम पाळा.

१. गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि निघा. जागेवर फार वेळ चालू ठेवू नका. इंजिन गरम होईपर्यंत सावकाश चालवा.

२. पाय पूर्ण दाबू नका. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा असेल, तर तो तांबड्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

३. तासन् तास एकाच वेगाने चालवू नका. वेग थोडा कमी, थोडा जास्त करत राहा.

४. चढ आला की वेळेवर खालचा गिअर टाका. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हायला लावू नका.

५. जास्त माणसे कोंबू नका. मागे ट्रॉली जोडू नका.

६. तेल तपासा. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून काही मिनिटे थांबा. तेलाची पट्टी काढून पुसा, परत घाला आणि पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. नवे इंजिन थोडे जास्त तेल खाऊ शकते.

७. तेलाचा तांबडा दिवा चालताना लागला, तर गाडी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करा. 'घर जवळच आहे' असे म्हणू नका.

८. पाण्याचा काटा तांबड्यात गेला, तरी थांबा. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडते.

नवे टायर आणि नवे ब्रेकही रुळावे लागतात. नवे टायर पहिल्यांदा जरा घसरते असतात. म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. विजेवरच्या मोटारीत असे इंजिन नसते, पण टायर आणि ब्रेक तिलाही आहेतच. ट्रॅक्टरला किलोमीटर न मोजता तास मोजतात. पुष्कळ ट्रॅक्टरांची पहिली सर्व्हिस ५० तासांना असते.

कोणी म्हणेल, 'गुरुजी, आताच्या गाड्यांना हे काही लागत नाही.' त्यात थोडे खरे आहे. पूर्वी इंग्लंडात नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावत. मागच्याने समजून पुढे जावे, म्हणून. तेव्हाची घडण आजच्याइतकी बारीक नव्हती. आज यंत्रे फार नेमके काम करतात. तेलही चांगले झाले आहे. म्हणून एक दिवस गाडी पळवली की दुसऱ्या दिवशी बंद पडेल, असे नाही. नुकसान लगेच दिसत नाही, हीच तर अडचण आहे. ते दोन-चार वर्षांनी दिसते. तेव्हा हमीची मुदत संपलेली असते आणि खर्च आपल्या पदरी येतो.

आणखी एक बोलतो. गाडी आली की आपण देवाला जातो. जेजुरीला जा, तुळजापूरला जा. चांगली गोष्ट आहे. पण पहिल्याच फेरीला बारा माणसे भरून घाटातून गाडी पळवायची, हे देवाने सांगितलेले नाही. पोरांनो, मित्र म्हणतील, 'दाखव बरे किती पळते!' त्यांना सांगा, 'हजार होऊ दे, मग बघू.' हप्ता तुमच्या बापाला भरायचा आहे. मित्रांना नाही.

शेवटी, गाडीबरोबर एक पुस्तक मिळते. ते कपाटात पडून राहते. पूर्वी आपण म्हणत होतो, आम्हांला कुठे वाचता येते? आता तसे म्हणता येणार नाही. ते पुस्तक मागून घ्या. मराठीत असेल तर स्वतः वाचा. इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला जवळ बसवा. आकडे तर तुम्हांला येतातच. पहिली सर्व्हिस किती किलोमीटरला, किती दिवसांच्या आत, तेल कोणते, हमी कशाने रद्द होते, हे एका कागदावर लिहा आणि तो कागद भिंतीवर लावा. घरातल्या बाईमाणसानेही तो वाचावा. गाडी चालवणारा विसरला, तर त्याला आठवण करून देणारे कोणीतरी घरात पाहिजे.