टूल काय करत नाही, तेही लिहा



आजचा विषय संगणकाचा असला, तरी माझ्या लेखी तो चांगल्या लेखनाचा विषय आहे. एआय एजंट म्हणजे काय, तर काम सोपवल्यावर पुढची पावले स्वतः ठरवणारा प्रोग्राम. 'या फोल्डरमधले करार वाचून दंडाच्या अटी काढा' म्हटले की तो कामाला लागतो. मात्र त्यातले भाषेचे मॉडेल स्वतः फाइल उघडत नाही. अमुक टूल अमुक फाइलवर चालवा, एवढी मागणी ते लिहून देते. फाइल उघडणारा प्रोग्राम, म्हणजेच टूल, वेगळाच असतो.

मग कोणते टूल कधी मागायचे, हे मॉडेलला कळते कशावरून? टूलचे नाव, त्याला पुरवायच्या माहितीचा तक्ता आणि चार ओळींचे वर्णन यांवरून. ओपनएआय या कंपनीने जून २०२३ मध्ये मॉडेलला अशी टूल्स जोडण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने त्यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुले मानक जाहीर केले. दोन्हीकडे या तीन गोष्टी आहेतच. टूलच्या पोटातला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. वर्णनात जे लिहिले नाही, ते त्याला अंदाजाने भरून काढावे लागते.

आता 'फाइल वाचते' एवढेच वर्णन घ्या. पूर्ण पत्ता द्यायचा की नुसते नाव? फाइल मोठी असेल तर सगळी मिळेल की सुरुवातीचाच भाग? फोल्डरचे नाव दिले तर काय होईल? एकाचेही उत्तर नाही. समजा, टूल पहिल्या दोन हजार ओळी देऊन थांबते आणि तसे कुठेही सांगत नाही. दंडाची अट त्यापुढे आहे. एजंट बिनदिक्कत सांगेल, 'करारात दंडाची अट नाही.' हे उत्तर चुकीचे आहे आणि ती चूक वर्णन लिहिणाऱ्याची आहे.

काही वेळा शब्द सुधारून भागत नाही, टूलच बदलावे लागते. अँथ्रोपिकने डिसेंबर २०२४ मध्ये आपला असा अनुभव मांडला. त्यांचा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचे अर्धवट पत्ते देताना चुकायचा. पूर्ण पत्ता देणे बंधनकारक केले आणि ती चूक थांबली. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एसडब्ल्यूई-एजंट हा कोडमधल्या चुका दुरुस्त करणारा एजंट तयार केला. त्याला एका वेळी फाइलच्या शंभर ओळी दाखवल्या, तेव्हा त्याचे काम सर्वांत चांगले झाले. तीसच ओळी दाखवल्या तेव्हा ते घसरले आणि अख्खी फाइल पुढे ठेवली तेव्हाही घसरले. किती दाखवायचे हे ठरवणे आणि ते वर्णनात सांगणे, दोन्ही टूल बनवणाऱ्याचेच काम आहे.

मराठी फाइलींना तर याची जास्तच गरज आहे. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'महाराष्ट्र' या शब्दात काना, हलन्त धरून दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. हेच नाव रोमन अक्षरांत अकरा बाइटमध्ये मावते. त्यामुळे टूलची मर्यादा बाइटमध्ये असेल, तर मराठी मजकूर फार लवकर तुटतो, तोही कधी अक्षराच्या मधोमध. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांतल्या फाइलींची अडचण वेगळी. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेले संकेत युनिकोडचे नसतात, म्हणून टूलच्या हाती निरर्थक चिन्हांची माळ येते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अनेकदा नुसते चित्र असते, मजकूर नसतोच.

म्हणून मी वर्णन असे लिहीन: 'दिलेल्या फाइलमधला युनिकोड मजकूर वाचते. फाइलचा पूर्ण पत्ता द्यावा. फोल्डर चालत नाही. एका वेळी दोन हजार ओळी मिळतात. फाइल उरली असेल तर शेवटी तशी सूचना येते, पुढचा भाग मागण्यासाठी सुरुवातीच्या ओळीचा क्रमांक द्यावा. स्कॅन केलेली पाने वाचत नाही. रिकामे उत्तर आले तर मजकूर सापडला नाही एवढाच अर्थ घ्यावा. फाइल कोरी आहे असे समजू नये.' यात अलंकार नाही, टूलची स्तुती नाही. ते काय करते, काय करत नाही आणि अडल्यास पुढे काय करायचे, एवढेच आहे. टूलकडून येणारा चूक कळवणारा संदेशही असाच असावा. 'त्रुटी' म्हणून सोडून देऊ नये. 'या पत्त्यावर फाइल नाही, आधी फोल्डरची यादी पाहा' असे सांगावे.

लिहिलेले वर्णन पारखायची एक साधी रीत आहे. ते टूल कधीही न पाहिलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्या. त्याने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर वर्णनात राहून गेले आहे, असे समजा.

या सभागृहात शिक्षक आहेत, ग्रंथपाल आहेत, कचेऱ्यांत उभी हयात काढलेली मंडळी आहेत. मराठी फाइल कुठे दगा देते, हे प्रोग्रामरपेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे. तुमच्या संस्थेत उद्या असा एजंट आला, तर त्याच्या टूल्सची वर्णने मागून घ्या, वाचा आणि जे राहिले असेल ते आग्रहाने लिहवून घ्या.