शिबिराला कोण जाणार?

गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीत किशोरींचं पाच दिवसांचं शिबिर होतं. आदल्या दिवशी एका मुलीची आई आली. कुकरच्या वाफेनं हात भाजलेला. म्हणाली, "ताई, हिचं नाव काढा. घरात करायला कुणी नाही." घरात सोळा वर्षांचा मुलगा होता, तोही सुट्टीवरच!

आईचा हात भाजला की मुलीची सुट्टी संपते. हे कुणी ठरवलेलं नसतं, म्हणून त्यावर भांडायचं तरी कुणाशी? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. आणि हा आकडा घरकामाला हात लावणाऱ्याच पुरुषांचा, बरं का.

आम्ही घरी गेलो. मुलाला विचारलं, "कुकर लावता येतो?" येत होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगी तीन दिवस आली. चौथ्या दिवशी पाहुणे आले.

आता नाव नोंदवतानाच आम्ही विचारतो, घरात अडचण आली तर काम कोण करेल? भावाचं, वडिलांचं नाव लिहून घेतो. बरेच वडील हसतात. सही मात्र करतात.