विज्ञानकथेस मोजपट्टी लावणारा पंडित
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारी मंडळाने आम्हांस दिली, आणि आम्ही निवडला तो विज्ञानकथेच्या एका अभ्यासकाचा. मुलांनी शाळेच्या पुस्तकाआड लपवून वाचावयाचे जे वाङ्मय, त्याचे कसले आले आहे पांडित्य, असे येथील काही वडीलधाऱ्यांस वाटत असेल. पाश्चात्त्य विद्यापीठांतही दीर्घकाळ हेच मत होते. ते ज्यांच्या लेखनाने पालटले, त्यांत डार्को सुव्हिन यांचे स्थान फार वरचे आहे.

सुव्हिन यांचा जन्म १९३० साली झाग्रेब येथे एका ज्यू कुटुंबात झाला. लुशियनपासून रशियाच्या ल्यूनिक यानापर्यंतच्या कल्पनाप्रवासाचा त्यांचा ग्रंथ १९६५ साली तेथेच निघाला. १९६८ पासून ते माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अध्यापन करू लागले. या क्षेत्रातील पहिले मानकरी ते नव्हेत. ‘एक्स्ट्रापोलेशन’ हे नियतकालिक १९५९ पासूनच चालू होते. परंतु १९७३ साली आर. डी. मलन यांच्यासह त्यांनी ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ सुरू केले आणि १९७९ साली ‘मेटामॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा या अभ्यासास स्वतःची परिभाषा लाभली.

त्यांच्या सिद्धान्ताचा गाभा असा. विज्ञानकथा वाचकास परिचित जगापासून दूर नेते, पण ते अंतर बुद्धीस पटणारे असते. दूर नेण्याची कल्पना त्यांनी श्क्लोव्हस्की आणि ब्रेख्त यांच्याकडून घेतली. कथेतील सारे जग ज्या एका नव्या वस्तूभोवती उभे राहते, तिला अर्न्स्ट ब्लॉख यांचा ‘नोव्हम’ हा शब्द लावला. वेल्स यांची १८९५ सालची ‘टाइम मशीन’ पाहा. कालयंत्र हे तेथील नोव्हम. ते आपणांस ८०२७०१ साली नेते, आणि तेथे सुकुमार एलॉय व भूगर्भातील मॉर्लॉक दिसताच वाचक चपापतो: हे तर आजचेच मालक आणि मजूर! दूर जाऊन घर ओळखावे, तसे हे आहे.

एखाद्या विद्वानाचा प्रभाव त्याच्या ग्रंथाचा उल्लेख किती जणांनी केला यावरून मोजण्याची आज प्रथा आहे. आम्हांस ती तितकीशी पसंत नाही. विरोधकासही ज्याच्याच शब्दांत वाद घालावा लागतो, त्याचा प्रभाव खरा. सुव्हिन यांच्याबाबत नेमके हेच घडले. कार्ल फ्रीडमन यांनी २००० साली त्यांची व्याख्या दुरुस्त करून म्हटले की, कथेतील विज्ञान खरे असण्यापेक्षा ते खरे वाटणे महत्त्वाचे. फ्रेड्रिक जेम्सन यांनी २००५ साली आदर्श समाजाच्या कल्पनांवर मोठा ग्रंथ लिहिला, तोही याच वाटेने. २००९ साली चायना मिएव्हिल यांनी मात्र मुळावरच घाव घातला: ही ‘बुद्धीस पटणारी’ गोष्ट म्हणजे वाचकाने लेखकाच्या अधिकारापुढे मान तुकविणे नव्हे काय?

आमच्या मते हा आक्षेप बिनतोड आहे. सुव्हिन यांच्या मोजपट्टीने परीकथा, भूतकथा, अद्भुतकथा या सर्वांस पंक्तीबाहेर बसविले. विज्ञानकथेतीलही शंभरांत नव्वद-पंचाण्णव माल नाशवंत, असे ते लिहून गेले. (पंक्तीत कोण बसावे हे ठरविणाऱ्याचा हात नेहमीच थोडा आखडता असतो, ज्ञातिसंस्थेत हे आम्ही सांगावयास नको.) वेताळाच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्यासारख्यांस ही वाटणी कशी मानवावी? स्वतः सुव्हिन यांनी २००० साली अद्भुतकथेवर पुन्हा लिहिले, तेव्हा त्यांचा सूर बराच निवळला होता.

आपल्याकडील एक उदाहरण सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाच्या वजनावर निकाल लागू नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली होती. लेखकाच्या अधिकाराविषयी मिएव्हिल यांनी केलेला प्रश्न पस्तीस वर्षे आधी मराठीत असा कृतीने विचारला गेला होता. आपल्यातील जे तरुण मराठी घेऊन एम. ए. होत आहेत, त्यांनी प्रबंधाचा विषय शोधताना ही कथा आणि सुव्हिन यांचा ग्रंथ शेजारी ठेवून वाचावा. त्या ग्रंथाची नवी आवृत्ती २०१६ साली निघाली आहे.