भिंतीसमोरचा माणूस



ऐन पावसाळ्यात परदेशी सहलीला निघणारा माणूस एक तर कवी असतो, नाहीतर त्याला सवलत मिळालेली असते. माझ्या बाबतीत दोन्ही खरं होतं. माझ्या ओळखीचे एक छायाचित्रकार मोजक्या लोकांना घेऊन कंबोडियात अंगकोरला फोटोग्राफीची कार्यशाळा भरवतात. ऑगस्टमध्ये गर्दी कमी, म्हणून दरही कमी. आम्ही सहा जण होतो. एक दंतवैद्य, बँकेतून निवृत्त झालेलं जोडपं, दोन तरुण इंजिनिअर मुली आणि मी. माझ्याकडे मुलानं वापरून सोडलेला कॅमेरा होता. निघताना पत्नी म्हणाली, ‘‘शब्द कमी पडायला लागले वाटतं?’’ मी काही बोललो नाही. वर्षभरात एकही कविता झाली नव्हती.

अंगकोर म्हणजे एक देऊळ नव्हे. नवव्या ते पंधराव्या शतकापर्यंत ख्मेर राजांची राजधानी तिथं होती. सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या परिसरात, रानात, भातशेतीत, तळ्यांच्या काठी ही मंदिरं विखुरलेली आहेत. सर्वांत मोठं अंगकोर वाट. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मननं ते विष्णूसाठी बांधलं. त्याचं तोंड पश्चिमेला आहे. त्यामुळे सूर्य देवळाच्या मागून उगवतो. पहाटे पाचला आम्ही समोरच्या तळ्याकाठी उभे होतो. सरांनी सांगितलं, ‘‘प्रकाश आकाशाचा मोजा, देवळाचा नको. शिखरं काळी राहू द्या.’’ आमच्या आजूबाजूला दोनशे तरी माणसं मोबाइल वर धरून उभी होती. सगळे मिळून एकच फोटो काढत होतो.

सरांचा एक नियम पक्का होता. फ्रेममध्ये माणूस नको. ‘‘लोकांना प्राचीन देऊळ बघायचंय, रंगीत रेनकोट नाही,’’ असं ते म्हणायचे. त्यासाठी त्यांच्याकडे युक्ती होती. लेन्सवर एक काळी काच बसवायची. तिला एनडी फिल्टर म्हणतात. ती प्रकाश इतका अडवते की ढगाळ हवेत शटर तीस सेकंद उघडं ठेवता येतं. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का. तीस सेकंदांत दगड हलत नाही, म्हणून तो स्पष्ट येतो. माणसं चालत राहतात, एका जागी ठरत नाहीत, म्हणून ती उमटतच नाहीत. समोरून पन्नास पर्यटक गेले तरी फोटोत देऊळ रिकामं!

ता प्रोह्मच्या देवळात हा प्रयोग मी पहिल्यांदा केला. भिंतींवर अजगरासारखी मुळं टाकून बसलेली झाडं तुम्ही चित्रांत पाहिली असतील, ते हे देऊळ. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं इथं डागडुजीचं मोठं काम केलं आहे. माझा फोटो छान आला. मुळं, दगड, शेवाळ, आणि चिटपाखरू नाही. हजार वर्षं इथं कुणी फिरकलंच नसावं, असं वाटत होतं.

संध्याकाळी हॉटेलवर वाचत बसलो, तर या देवळाचा ११८६चा संस्कृत शिलालेख भेटला. सातव्या जयवर्मननं आईच्या नावानं हे बांधलं. देवळाच्या सेवेत किती माणसं होती, याचा त्यात हिशेब आहे. ७९,३६५. त्यांना पोसणारी, तांदूळ पुरवणारी गावं ३,१४०. नर्तकी ६१५. दगड कोरणाऱ्यानं एवढी माणसं आकड्यांत का होईना, नोंदवून ठेवली. आणि मी काळी काच लावून माणसं पुसून टाकत होतो.

गंमत अशी की, इथली पहिली छायाचित्रं काढणाऱ्याचीही हीच अडचण होती. १८६६ मध्ये जॉन थॉमसन हा स्कॉटिश छायाचित्रकार रानावनातून अंगकोर वाटला पोचला. त्या काळी काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा, आणि लेन्स बराच वेळ उघडी ठेवायची. हलणारा माणूस पुसट व्हायचा. फोटोत राहायचं तर थांबावं लागे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या व्हॅनचा चालक तिशीतला, अबोल. दुसऱ्या दिवशी जेवताना मी मटणाची थाळी बाजूला सारून भाजी मागितली, ते त्यानं पाहिलं. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, ‘‘अस्सलामु अलैकुम?’’ सलामाला प्रश्नचिन्ह लावलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. तो चाम मुसलमान होता. कंबोडियात चाम लोक काही लाख आहेत. संध्याकाळी त्यानं मला सिएम रीपच्या मशिदीत नेलं, तिथून जवळच्या खानावळीत. मोडक्या इंग्रजीत आम्ही बोललो. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत चामांना डुकराचं मांस खायला लावलं, कुराणाच्या प्रती हिसकावल्या, गावं फोडून माणसं पांगवली, चाम भाषा बोलायला बंदी केली. फार माणसं मारली गेली. २०१८ मध्ये नोम पेन्हच्या न्यायालयानं त्या राजवटीतला एक बडा नेता नुओन चिया याला चामांच्या वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं. चालकाचे आजोबा आणि दोन काका तेव्हा गेले. आई वाचली. हे त्यानं भाताचा घास घेता घेता सांगितलं, आणि मला अजून भात हवा का, ते विचारलं.

तिसऱ्या सकाळी आम्ही बायॉनला होतो. शांत, मोठे दगडी चेहरे असलेलं मंदिर. तेही जयवर्मनचंच. त्याच्या बाहेरच्या दक्षिण भिंतीवर नौकायुद्ध कोरलेलं आहे. इतिहासाची पुस्तकं सांगतात की ११७७ मध्ये चामांनी अंगकोरवर स्वारी केली, पुढे जयवर्मननं त्यांना हरवलं. भिंतीवर चाम लगेच ओळखू येतात. त्यांच्या डोक्यावर उलट्या फुलासारखं शिरस्त्राण आहे. काही पाण्यात पडताहेत, मगरी त्यांना धरताहेत. त्या काळचे चाम मुसलमान नव्हते, बरं का. त्यांच्या राजांचं दैवत शिव. शेजारी एक गाइड घोळक्याला सांगत होता, ‘‘दीज आर द एनिमी.’’ आमचा चालक माझ्याबरोबर आत आला होता. त्यानं ते ऐकलं.

मला एकदम शाळेची सहल आठवली. सहावीत होतो. गडावर माहिती सांगणारे गृहस्थ लढाईचा प्रसंग रंगवत होते. ‘ते’ आले, ‘त्यांना’ कापलं. आणि वर्गातली चाळीस डोकी वळून माझ्याकडे पाहू लागली. मीही त्यांच्यासारखाच महाराजांचा जयजयकार करत गड चढलो होतो. शिवाय महाराजांच्या पदरी मुसलमान माणसंही होती, पण ते त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. उतरताना मी सगळ्यांत मागे राहिलो. ही गोष्ट मी घरी कधी बोललो नाही. आज पहिल्यांदा बोलतोय.

मी चालकाला विचारलं, ‘‘वाईट वाटतं?’’ तो भिंतीकडे बघत राहिला. मग त्यानं नावांच्या खाली बोट दाखवलं. तिथं मासे कोरलेत. त्याखाली बायका बाजारात बसल्यात, कुणी रांधतंय, कोंबड्यांची झुंज लागलीय. तो म्हणाला, ‘‘हे मासे टोनले सापचे. माझी आजी हेच पकडायची.’’

तेवढ्यात पर्यटकांचा मोठा गट आला. मी ट्रायपॉड लावला, काळी काच बसवली आणि त्याला म्हटलं, ‘‘भिंतीसमोर उभा राहा. तीस सेकंद हलायचं नाही.’’ तो उभा राहिला. शटर उघडलं. माणसं त्याच्या पुढून, मागून जात राहिली. तो काहीतरी पुटपुटत होता. मला ‘दुआ’ एवढा शब्द ऐकू आला. वाटलं, प्रार्थना करतोय. फोटो झाल्यावर विचारलं, तर हसला. ‘‘तीस आकडे मोजत होतो. चाम भाषेत. सा, दुआ, क्लाउ, पाक. एक, दोन, तीन, चार. दुआ म्हणजे दोन.’’ मग म्हणाला, ‘‘आई लपून शिकवायची. तिला तिच्या आईनं लपून शिकवलेले.’’

फोटोत गट नाही, गाइड नाही. दगडी योद्धे आहेत, मासे आहेत, आणि मधोमध निळ्या शर्टातला एक माणूस. ओठ हलत होते, म्हणून तोंडाशी जरा पुसट.

शेवटच्या रात्री प्रत्येकानं पाच फोटो दाखवायचे होते. मी हा दाखवला. सर म्हणाले, ‘‘कविराज, चेहरा शार्प नाही. आणि तुमचा विषय भिंत आहे की माणूस, ते आधी ठरवा.’’ सरांचं चूक नव्हतं. फोटोच्या हिशेबानं तो फसलेलाच आहे. पण माझ्या अकराशे फोटोंपैकी मी एवढाच छापून घेतला. भिंत आणि माणूस वेगळे करून बघायचं मला जमत नाही. भिंतीवर कोरलेलं खोटं आहे, असं माझं म्हणणं नाही. लढाई झालीच असेल. पण भिंतीपाशी उभा असलेला आजचा माणूस काळ्या काचेनं पुसला, की भिंत अर्धीच कळते.

एक प्रत मी त्याला पाठवली. महिन्याभरानं मोबाइलवर निरोप आला. आईनं फोटो पुष्कळ वेळ हातात धरला होता. पण भिंतीवर लावला नाही. घरात माणसांच्या तसबिरी लावायच्या नाहीत, म्हणाली. घराच्या कागदपत्रांबरोबर तिनं तो कपाटात ठेवला आहे.

माझी अम्मी असती, तर तिनंही तिथंच ठेवला असता.