शाळा, संस्था आणि उन्हाळ्याची सुटी
(ज्युबिली-सभेंत केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आपल्या पॅरिशच्या गतकालाविषयीं पुष्कळ बोलून झालें आहे. मला आपल्या मुलांविषयीं, आणि शाळेंत त्यांच्या हातून होणाऱ्या निसर्गरक्षणाच्या कार्याविषयीं, चार शब्द बोलावयाचे आहेत. आरंभ एका कबुलीनें करितों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेची व्यवस्था पाहत होतों, तेथें जुलै महिन्यांत मोठ्या समारंभानें रोपें लाविलीं. प्रत्येक मुलानें आपल्या रोपास नांवाची पाटी बांधिली. पाहुण्यांचीं भाषणें झालीं, छायाचित्रें निघालीं. पावसाळा व हिवाळा रोपांनीं चांगला काढिला. मग वार्षिक परीक्षा संपल्या आणि फाटकास कुलूप लागलें. नागपूरचा मे महिना आपणांस ठाऊकच आहे. पारा ४५ अंशांवर जातो. उन्हामुळें आपल्या विदर्भांतील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षीं शाळा उघडली तेव्हां पाट्या होत्या, रोपें नव्हतीं. एका लहान मुलीनें विचारिलें, "फादर, सुटींत पाणी कोण घालणार होतें?" मजपाशीं उत्तर नव्हतें.

शाळेचें वर्ष दहा महिन्यांचें असतें. झाडाचें आणि तळ्याचें बारा महिन्यांचें. उरलेले दोन महिने सांभाळावयास शाळेबाहेरचीच कोणी संस्था पाहिजे. केंद्र सरकारनें २००१ च्या सुमारास शाळांतून राष्ट्रीय हरित सेना उभारिली. योजना उत्तम, पण एखाद्या उत्साही शिक्षकाची बदली झाली, कीं तेथील सेनेनें शस्त्रें ठेविलींच म्हणून समजावें.

आतां आपल्याच नगरांतील उदाहरण पाहा. २०१४ सालीं, श्री. अनिल सोले महापौर असतां, महानगरपालिकेनें पौर्णिमा दिवसाचा उपक्रम आरंभिला. पौर्णिमेच्या रात्रीं आठ ते नऊ अनावश्यक दिवे मालवावे, एवढीच विनंती. ग्रीन व्हिजिल फाउंडेशन या संस्थेचे तरुण स्वयंसेवक त्यासाठीं बाजारांत दुकानोदुकानीं जाऊं लागले. पौर्णिमा सुटी घेत नाहीं, हें या योजनेचें बळ. एका तासांत वीज ती किती वाचणार, असें कोणी म्हणेल. आपल्या शेजारीं कोराडी व खापरखेडा येथें कोळसा जाळून वीज होते. २०२२ च्या जुलैंत खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, तेव्हां त्या विजेची राख शेतांत आणि पाण्यांत शिरली. दिव्याचें बटण दाबणाऱ्या मुलास हा संबंध एकदां दिसला म्हणजे पुरे.

हीच मंडळी गणेशविसर्जनाच्या दिवसांत फुटाळा तलावाच्या कांठीं उभी राहून निर्माल्य निराळें गोळा करितात. फुलेंपत्री पाण्यांत कुजूं लागली, कीं पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. हें पुस्तकांत वाचणें निराळें, आणि कांठावर उभें राहून जाणणें निराळें. शेजाऱ्यांच्या सणास मी नांवें ठेवीत नाहीं. २ नोव्हेंबरनंतर आपल्या दफनभूमींत प्लॅस्टिकचीं फुलें आणि मेणबत्त्यांचीं वेष्टणें किती उरतात, तें झाडून काढणाऱ्यांत मीही असतों.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकांत झाडें लावणें व नको असलेले दिवे मालविणें हीं साधीं कामेंही मोलाचीं मानिलीं आहेत, आणि हें शिक्षण एकट्या शाळेवर न टाकितां कुटुंब व धर्मशिक्षण यांसही त्यांत घेतलें आहे.

म्हणून आपला महिला संघ, तरुण संघ व इतर मंडळें यांजपाशीं माझें मागणें लहान आहे. यंदा मुलांनीं लाविलेल्या रोपांस परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंत रोज सायंकाळीं पाणी मिळावें. भाजी व तांदूळ धुतलेलें पाणीही चालेल. पाळ्यांची यादी शाळेच्या फाटकाशीं लाविली आहे. सोमवार माझा आहे. बाकीचे सहा वार अद्याप रिकामे आहेत.